वहिनींच्या उजव्या हाताबद्दल

आमच्या घरात गेली कित्येक वर्षं दोन वाक्यं चालत आली आहेत. कोणाचा गुडघा धरला, कोणाच्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला, की पहिलं वाक्य निघतं, "आपल्या घराला ऑपरेशन लाभत नाही." दाखल्याला माझ्या थोरल्या वहिनींचा उजवा हात असतो. मग कुणीतरी आवाज उतरवून दुसरं वाक्य बोलतं, "डॉक्टर नको म्हणत असताना त्यांनीच हट्टानं बांगड्या भरल्या म्हणे."

दोन्ही खोटी आहेत. ऑपरेशन चांगलं झालं होतं. हट्ट वहिनींचा नव्हता. दुसरं वाक्य तर पहिल्यांदा मीच बोललो, तेही इंग्रजीत, त्यांच्यासमोर, त्यांना कळू नये म्हणून. भाऊ गेला, वहिनीही गेल्या. आता मला विचारणारं कोणी नाही, आणि न विचारता सांगणं मला आजवर जमलेलं नाही. चार दिवस झाले, कागद घेऊन बसतो आणि उठतो. आज उठायचं नाही असं ठरवलं आहे.

आमचं गाव साताऱ्यापासून एसटीनं अर्ध्या तासावर. भाऊ पलटणीत हवालदार होता, त्या काळात लडाखला. वडील लवकर गेले होते. घरी आई, वहिनी आणि मी. भावाला मूलबाळ नव्हतं, माझं लग्न व्हायचं होतं. मी साताऱ्याच्या एका कचेरीत कारकून होतो, सकाळी जाऊन संध्याकाळी परत. इंग्रजी वाचता येणारा घरात मी एकटा, आणि ही गोष्ट मी कोणाला विसरू देत नसे.

वहिनी सातवी झालेल्या होत्या. लग्नानंतरची चारपाच वर्षं भावाला पत्र त्या स्वतः लिहीत. दुपारची भांडी झाली की पाटावर कागद ठेवून लिहायच्या, चिकटवून माझ्या हातात द्यायच्या, मी साताऱ्याला पेटीत टाकायचा. भावाची पत्रंही जाड यायची. मग तिशीच्या आतच त्यांना संधिवातानं धरलं. निर्गुडीचा शेक झाला, वैद्य झाले, साताऱ्याची इंजेक्शनं झाली. दुखणं कमीजास्त व्हायचं, पण बोटं काही थांबली नाहीत. मुठीच्या सांध्यांपाशी वाकून ती करंगळीच्या बाजूला कलत गेली. उजवा हात जास्त बिघडला. भाकरी आई थापू लागली. पेन धरता येईना, तेव्हा पत्रं मी लिहू लागलो. त्या सांगायच्या, मी लिहायचा.

दोन वर्षं हे चाललं. उत्तर लिहायला म्हणून आलेलं पत्रही मीच उघडू लागलो, आणि धाकटा भाऊ वाचतो आहे हे कळल्यावर भावाची पत्रं आटली. थंडी फार आहे, आईला जप, उसाला पाणी वेळेवर दे, बस. वहिनीही माझ्यासमोर काय सांगणार? म्हशीबद्दल सांगत. एकदा पत्र लिहून झाल्यावर मी वाचून दाखवलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "भावजी, तुमचं अक्षर लय चांगलं हाय. पर त्ये तुमचं हाय."

सत्तर सालानंतर पाचसहा वर्षं गेली असतील. सांगलीच्या एका दवाखान्यात हाताच्या शस्त्रक्रिया शिकून आलेले डॉक्टर बसतात, खराब झालेला सांधा काढून नवा घालतात, असं कचेरीत कळलं. भावाला लिहिलं. त्यानं होऊ दे म्हणून कळवलं. आईला मात्र हे पटत नव्हतं. "बोटं म्हंजे काय नांगराचा फाळ हाय व्हय, लोहाराकडनं बसवून आणायला?" म्हणाली, आणि आम्ही निघालो त्या दिवशी दारातही आली नाही.

डॉक्टर मराठीच होते. त्यांनी टेबलाच्या खणातून नवा सांधा काढून वहिनींच्या तळहातावर ठेवला. पांढरट, रबरासारखा, दोन्हीकडं निमुळता, मधे वाकणारा. वालाच्या शेंगेएवढाही नव्हता. असे चार बसवायचे होते, अंगठा सोडून प्रत्येक बोटाच्या मुळाशी एक. वहिनींनी तो उलटासुलटा करून पाहिला आणि एकच विचारलं, लिहिता येईल का?

डॉक्टर म्हणाले, "भाकरी थापण्याचा शब्द देत नाही. लिहिण्याचा देतो. पण तीन महिने माझं ऐकायचं."

"ऐकते की," वहिनी म्हणाल्या.

ऑपरेशनच्या सकाळी नर्सनं त्यांच्या दोन्ही हातांतल्या हिरव्या बांगड्या वाढवल्या. बांगडी फुटली असं आमच्यात सवाष्णीपुढं म्हणत नाहीत. मंगळसूत्रही काढावं लागलं. ते त्यांनी माझ्या रुमालात बांधून दिलं. "आत्याबाईंना सांगू नका," म्हणाल्या. आत्याबाई म्हणजे माझी आई. मी नाही सांगितलं. ते एक गुपित मी नीट राखलं. त्या आत होत्या तोवर मी दवाखान्याच्या व्हरांड्यात फेऱ्या मारत राहिलो. तिथल्या रखवालदारानं मला दोनदा बाकावर बसवलं आणि दोन्हीदा मी उठलो.

पंधरा दिवसांनी टाके निघाले तेव्हा बोटं सरळ होती. सुजलेली, निळसर, पण सरळ. दोन वर्षांनी मी त्यांची बोटं एका रेषेत पाहत होतो. हाताच्या पाठीवर तारेची कमान असलेली एक पट्टी दिली. कमानीतून रबरी दोऱ्या खाली येत आणि एकेका बोटाला चामड्याच्या कड्यात उचलून धरत. गावी आल्यावर बायका बघायला जमल्या तेव्हा वहिनी गंभीर चेहऱ्यानं म्हणाल्या, "मिरजेची सतार हाय. शिकून झाली की वाजवून दाखवीन."

पण गावी येण्याआधीचं सांगायला हवं, कारण चूक तिथून सुरू होते. व्यायाम शिकवणाऱ्या बाई दक्षिणेकडच्या होत्या, त्यांना मराठी येत नव्हतं. निघायच्या दिवशी त्यांनी काय करायचं, काय नाही, याचा इंग्रजीत लिहिलेला कागद माझ्या हातात दिला आणि मी वहिनींना मराठीत सांगावं म्हणून समोर बसवलं. सात मुद्दे होते. बोटं किती वेळा वाकवायची, पट्टी कधी सोडायची, ओझं उचलायचं नाही, असे पाच मी सांगितले. कराडमार्गे जाणारी गाडी सुटायला पंचवीस मिनिटं उरली होती. उरलेलं गाडीत सांगतो म्हणालो. बाईंना वाटलं सगळं सांगून झालं.

गाडीत मी सहावा मुद्दा वाचला. उजव्या हातात तीन महिने बांगड्या घालू नयेत. पंजा दोन्ही बाजूंनी दाबला जाता कामा नये, कारण नव्या सांध्याच्या भोवतीचं शिवण अजून कच्चं असतं. वहिनी खिडकीला डोकं टेकून झोपल्या होत्या. घरी गेल्यावर सांगू म्हटलं. घरी गेल्यावर आईसमोर बांगड्यांचा विषय काढायला मला धीर झाला नाही. पट्टी आहे तोवर बांगड्या कोण भरतंय, अशी मी माझी समजूत घातली.

चारपाच आठवडे चांगले गेले. वहिनी घड्याळ बघून व्यायाम करत. मी संध्याकाळी घरी आलो की आज बोट किती वाकलं ते मला पेन्सिल आडवी धरून मोजायला लावत. पाचव्या आठवड्यात पट्टी सोडून त्यांनी तीच पेन्सिल हातात धरली आणि जुन्या कॅलेंडरच्या पानामागं काहीतरी लिहिलं. पाचसहा अक्षरं असावीत. मी पुढं झालो तसा त्यांनी कागद उलटा केला. नवऱ्याचं नाव त्या काळी बायका उच्चारत नसत. बहुतेक ते लिहिलं असावं. त्या हसत होत्या. त्या हसण्याइतकं स्पष्ट मला दुसरं काही आठवत नाही.

त्याच आठवड्यात शेजारच्या गावातल्या एका जवानाच्या घरी तार आली. डोंगरात गाडी दरीत गेली होती. भावाचंही पत्र येऊन वीस दिवस झाले होते. आई त्या घरी जाऊन आली आणि आल्यापासून वहिनींच्या हाताकडं बघत राहिली. डाव्या हातात चार बांगड्या पुन्हा भरल्या होत्या, उजवा मोकळा. मनगटाला वहिनींनी हिरवा दोरा बांधला होता, बांगड्या वाढल्या की बांधतात तसा. आईला तो पुरेना. "सवाष्णीचा हात असा भुंडा, आन् तिकडं त्यो बर्फात," एवढंच दिवसभर बोलायची. जेवण सोडलं. रोज संध्याकाळी मी दारात आलो की पहिला प्रश्न, "कासाराला सांगितलंस का न्हाई?" मीही पत्राच्या वाटेकडं डोळे लावून होतो. कचेरीत लक्ष लागेना. टपालवाल्याला गाठायला मी दोनदा लवकर सुटून आलो.

मग एका सकाळी कासार गल्लीत आला आणि आईनं त्याला ओट्यावर बसवला. मी कचेरीला निघालो होतो. वहिनी आतून आल्या. आईकडं न बघता त्यांनी मला विचारलं, "भावजी, त्या कागदावर बांगड्यांचं काय ल्हिवलंय?"

कागद माझ्या टेबलाच्या खणात होता. मी म्हणालो, "कागद बोटांबद्दल आहे. मनगटाबद्दल त्यात काही नाही."

त्यांनी मान हलवली आणि कासारासमोर बसल्या. पट्टी त्यांनी स्वतः सोडली.

कासार म्हातारा होता, माझ्या आईला लहानपणापासून ओळखणारा. त्यानं हात हातात घेतला आणि थांबला. "लेकी, सूज हाय गं अजून," म्हणाला. मग माझ्याकडं वळला. "मालक, हे माप चढायचं न्हाई. पुढल्या बाजाराला मोठं माप आणतो. आठ दिसांनी काय बिघडतंय?"

हे मी मुद्दाम लिहितो आहे. त्या म्हाताऱ्याला माझ्याहून जास्त कळलं होतं, आणि त्यानं मला वाट करून दिली होती. आई ओट्याच्या खांबाला टेकून डोळे पुसत होती. साडेनऊची गाडी फाट्यावर यायची वेळ झाली होती. मला ते रडणं थांबायला हवं होतं आणि मला तिथून निघायचं होतं. मी म्हणालो, "आजच भरा."

बांगडी भरताना कासार काय करतो हे ज्यांनी पाहिलं आहे त्यांना सांगायला नको. अंगठा तळहातात मुडपतो, चारी बोटांची मुळं एका मुठीत धरून दोन्हीकडून दाबतो आणि पंजा अरुंद झाला की काच त्यावरून सरकवतो. कागदावर जे करू नका म्हणून लिहिलं होतं, नेमकं तेच. त्यानं तेल लावलं, हळू हळू केलं. चार बांगड्या चढल्या. वहिनी ओरडल्या नाहीत. दुसऱ्या बांगडीला त्यांनी एकदा माझ्याकडं पाहिलं आणि मग खाली पाहत राहिल्या. झाल्यावर रीतीप्रमाणे त्यांनी बांगड्यांना नमस्कार केला, आईच्या पाया पडल्या. मी फाट्याकडं पळत सुटलो. गाडी मिळाली.

चार दिवसांनी अंगठ्याजवळचं बोट, पेन धरायचं तेच, करंगळीच्या बाजूला कललं. मागं ओढलं तर यायचं, सोडलं की पुन्हा कलायचं. दुखत नव्हतं, म्हणून तर मला जास्त भीती वाटली. त्याच दिवशी भावाचं पत्र आलं. बर्फामुळं टपाल अडकलं होतं, तो खुशाल होता. आई सगळ्या गल्लीला सांगत सुटली की बांगड्या भरल्या आणि पत्र आलं.

आम्ही सांगलीला गेलो. हिरव्या बांगड्या हातात तशाच होत्या. व्यायामाच्या बाईंनी हात पाहिला, बांगड्या पाहिल्या आणि एकदम माझ्याकडं वळल्या. त्यांनी विचारलं, मी सांगितलं नव्हतं का? कागदावर नव्हतं का? हे कोणी केलं? सगळं इंग्रजीत. वहिनी आमच्या दोघांच्या तोंडाकडं आळीपाळीनं बघत होत्या. मी म्हणालो, सांगितलं होतं, पण त्यांनीच हट्ट केला. बाईंनी वहिनींकडं पाहून जीभ टाळ्याला लावून चकचक केलं आणि फायलीत काहीतरी लिहिलं. ते मी उलट्या बाजूनं वाचलं. माझंच वाक्य होतं.

डॉक्टर फाइल वाचून वहिनींना मराठीत फार बोलले नाहीत. समजुतीनं बोलले, आणि ते जास्त वाईट होतं. आतलं शिवण सुटलं आहे, म्हणाले, सहा महिन्यांनी पुन्हा उघडून बसवता येईल, पण या वेळी ऐकायचं. वहिनी म्हणाल्या, "ऐकलं हुतं की." डॉक्टरांनी फाइल मिटली. त्यांना ते उद्धटपणाचं वाटलं असावं.

स्टँडवर गाडीची वाट बघताना वहिनींनी विचारलं, "त्या बाई काय म्हणत हुत्या?"

"बांगड्या कुठून घेतल्या विचारत होत्या."

"बराच येळ विचारत हुत्या," त्या म्हणाल्या.

नंतरचं फार लांबलं नाही. वहिनींनी पत्र सांगितलं ते असं होतं: बांगड्या भरताना बोट गेलं, बाकी तीन बरी आहेत, काळजी करू नये. कोणी भरायला लावल्या ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी लिहिलं नाही. तीन आठवड्यांनी भावाचं उत्तर आलं. इतकी वर्षं त्यानं बायकोला कधी लागट बोलून दुखावलेलं मला माहीत नव्हतं. या पत्रात होतं. डॉक्टरचं ऐकायची अक्कल नाही का तुला, एवढी सातवी शिकून काय केलंस, असं. वहिनींनी ते स्वतः वाचलं आणि घडी करून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी कचेरीतून आलो तर माझ्या टेबलावर तो इंग्रजी कागद उघडा ठेवलेला, सहाव्या मुद्द्याखाली पेन्सिलीची वेडीवाकडी रेघ. त्यांनी तो कोणाकडून वाचून घेतला, मला आजवर कळलं नाही. शाळेत मास्तर होते, त्यांच्याकडून असेल. त्या चहा घेऊन आल्या. कप ठेवला, शेजारी कोरं निळं अंतर्देशीय पत्र ठेवलं.

"ह्यांच्या पत्राचं उत्तर द्यायचंय," म्हणाल्या. "मी न्हाई सांगणार. तुमाला काय ल्हिवायचं त्ये ल्हिवा."

आणि त्या तिथंच उंबऱ्यावर बसल्या.

मी पत्ता लिहिला. तीर्थरूप दादास, लिहिलं. मग बराच वेळ नुसता पेन झटकत बसलो, शाई येत असूनही. आणि मग मी लिहिलं की ऊस तुटून गेला, विहिरीला पाणी बरं आहे, म्हैस व्यायला झाली आहे, आईची तब्येत आता सुधारली. कागदाची तिन्ही पानं भरली. त्यांनी घेतलं, शेवटपर्यंत वाचलं, परत दिलं.

"चिकटवा," म्हणाल्या.

उन्हाळ्यात भाऊ दोन महिन्यांच्या रजेवर आला. एकदा विहिरीवर त्यानं मला विचारलं की डॉक्टर पुन्हा करता येईल म्हणाले होते का? मी म्हणालो, खात्री देत नव्हते. सांगलीला गेला असता तर त्यानं ती फाइल पाहिली असती, बाईंना विचारलं असतं, बायकोला विचारलं असतं. म्हणून मी तसं म्हणालो. तो गेला नाही. आईनंही ऑपरेशन आपल्याला लाभत नाही म्हणून विषय मिटवला, आणि ते वाक्य घरात राहिलं. कोणी विचारलं की दुसरं मी मराठीत सांगत गेलो, म्हणून तेही राहिलं. माझ्या एका शब्दावर त्यांचं बोट दुरुस्त झालं असतं. माझ्या बाकी सगळ्या गोष्टींना मी घाईचं, आईच्या रडण्याचं, वयाचं कारण देऊ शकतो. विहिरीवर कसलीच घाई नव्हती.

भाऊ परत गेल्यावर वहिनींनी मला पत्र कधीच सांगितलं नाही. त्या डाव्या हातानं लिहायला शिकल्या. तो हातही दुखरा होता, बोटांत पेन धरता येत नसे, म्हणून मुठीत धरायच्या, लाटणं धरतात तसं. एकेक ओळ लिहायला त्यांना किती वेळ लागायचा ते मी दाराआडून पाहिलं आहे. पहिल्या पत्राला आठ दिवस लागले. चिकटवून त्यांनी ते माझ्याकडं दिलं नाही, टपालवाल्याला थांबवून त्याच्या हातात दिलं. पुढं सगळी तशीच गेली. भावाची पत्रं पुन्हा जाड येऊ लागली. ती मी उघडत नव्हतो.

त्या पत्रांत माझ्याबद्दल होतं का, मला माहीत नाही. भाऊ माझ्याशी शेवटपर्यंत तसाच वागला, माझ्या लग्नात मिरवणुकीत नाचला, वाटण्या झाल्या तेव्हा पाण्याजवळचं रान मला दिलं. कधी तो नुसता माझ्याकडं बघत बसला की मला वाटायचं, आता विचारणार.  त्यानं विचारलं नाही. ठाऊक नव्हतं म्हणून, की ठाऊक होतं म्हणून?

तो गेला त्यानंतर त्याची पलटणीतली ट्रंक उघडली, तेव्हा वहिनींची ती सगळी पत्रं नाडीनं बांधलेली सापडली. थोराड, आडवीतिडवी अक्षरं, कागदाच्या दोन्ही बाजूंना उमटलेली. मी तो गठ्ठा त्यांच्यापुढं नेला. वहिनी तेव्हा खाटेवरच असायच्या.

"वाचा की," त्या म्हणाल्या. "तुमाला सवय हाय."

टोमणा होता की परवानगी, मला ठरवता आलं नाही. मी गठ्ठा परत ट्रंकेत ठेवला. बांगड्यांचं सांगायला तोंड उघडलं तर त्या म्हणाल्या, आता ऊन आलंय, ते दार तेवढं लोटून घ्या. मी दार लोटून बाहेर आलो. पुढच्या पौषात त्या गेल्या.

ट्रंक आता माझ्या खोलीत आहे. मी अजून वाचलेलं नाही.